न दिसलेलें दुःख

'गुणी' ह्या शब्दाचा उपयोग आपण किती सहजपणें करतों! जें मूल रडत नाहीं तें गुणी, जी सून उलट बोलत नाहीं ती गुणी, आणि जें जनावर ओरडत नाहीं, भांडीं पाडीत नाहीं, तेंहि गुणीच. ह्या विशेषणांत त्या जिवाची स्तुति किती आणि आपल्या सोयीची किती, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग एका उन्हाळ्यांत आमच्यावर आला. आणि तो आला एका सशामुळें.

हा पांढरा ससा मुलांच्या हट्टानें आमच्या घरीं आला होता. तीन वर्षांत त्यानें कोणाची झोंप मोडली नाहीं. एके दिवशीं संध्याकाळीं तो कोपऱ्यांत अंग आखडून बसला होता. धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, आज यानें कोथिंबीर खाल्ली नाहीं." आम्ही वर्तमानपत्रांतून मान वर न करतां उत्तर दिलें, "उन्हानें दमला असेल. बसूं दे निवांत." दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यास पशुवैद्याकडे नेलें, तेव्हां फार उशीर झाला होता. मुलीनें आम्हांस दोष दिला नाहीं. परंतु "आम्हांला कळलेंच नाहीं" हें जें वाक्य त्या दिवशीं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत होतों, तें खरें होतें काय, हा प्रश्न मनांतून जाईना.

त्या वाक्याची बाजू प्रथम मांडणें न्यायाचें होईल. ससा हा निसर्गांत भक्ष्य म्हणून जन्मास आलेला प्राणी. घरीं पाळला जाणारा ससा आमच्या माळरानावरील सशाचा वंशज नव्हे. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पांत बिळें करून राहणारे. परंतु भीति दोघांचीहि एकच. कळपांत जो दुबळा दिसला तो प्रथम शत्रूच्या तोंडीं पडावयाचा. म्हणून दुखणें लपविणें हेंच त्याचें संरक्षण. कुत्रें कण्हतें, मांजर ओरडतें. ससा आजारी पडला म्हणजे बहुधा पूर्वीपेक्षां अधिक शांत होतो, इतकेंच. निसर्गानेंच जें झांकून ठेविलें तें आम्हांस दिसलें नाहीं, तर आमचा अपराध कोणता?

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मीमांसकांनीं फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेंतील मीमांसक व अद्वैत वेदान्ती हे प्रत्यक्ष, अनुमान इत्यादि पांच प्रमाणांच्या जोडीस अनुपलब्धि नांवाचें सहावें प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाहीं, एवढ्यावरून 'येथें घडा नाहीं' असें जें ज्ञान होतें, तें ह्या प्रमाणानें. परंतु त्यास एक अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति असली पाहिजे. अंधारांत घडा दिसला नाहीं म्हणून तो नाहींच, असें म्हणण्याचा अधिकार कोणास पोंचत नाहीं.

आतां हाच नियम सशास लावून पाहूं. त्याच्या आंतड्यांची हालचाल अखंड चालूं राहावी लागते. त्यासाठीं तो दिवसभर वाळलेलें गवत चघळतो आणि दिवसभर गोल, कोरड्या लेंड्या टाकतो. हालचाल मंदावली म्हणजे पोटांत वायु धरतो, वेदना होतात, वेदनांमुळें खाणें सुटतें, आणि न खाल्ल्यानें हालचाल अधिकच मंदावते. १२ तास खाणें नाहीं किंवा लेंडी नाहीं, तर तो जिवावरचा प्रसंग समजून त्याच वेळीं वैद्य गांठावा लागतो. त्याचे दांत जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर. गवतानें ते झिजले नाहींत तर दाढांचीं टोकें जिभेस व गालास बोंचूं लागतात. मग तो अन्नापाशीं येतो, हुंगतो आणि तोंड फिरवितो; हनुवटीखालचे केस ओले राहतात. घाम गाळून अंग निववणें त्यास साधत नाहीं. म्हणजे "उन्हानें दमला असेल" ही आमची समजूत स्वस्थ बसण्याचें नव्हे, तर उठण्याचें कारण होती. फार काय, २०१२ सालीं संशोधकांनीं सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धति प्रसिद्ध केली आहे: मिटत आलेले डोळे, चपटलेले गाल, टोंकदार झालेल्या नाकपुड्या, ताठरलेल्या मिशा व आवळून घेतलेले कान, ह्या पांच खुणांस प्रत्येकीं शून्य ते दोन गुण. जें झांकलेलें आहे असें आम्ही म्हणत होतों, तें तोंडावर लिहिलेलें होतें. दिवा तेवढा आमच्या हातीं नव्हता.

म्हणून "कळलें नाहीं" हें आमचें वाक्य खरें होतें. "कळण्याजोगें नव्हतें" हा त्यांतील ध्वनि मात्र खोटा. घरांत एकाच व्यक्तीस 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार होता. रोज आपल्या हातानें कोथिंबीर घालणाऱ्या त्या मुलीस ती खाल्ली गेली नाहीं हें दिसलें. आरोग्य ज्यानें रोज पाहिलें, त्यासच आजार दिसतो.

कोणी म्हणेल, तर काय संसार टाकून सशापुढें बसावें? तसें नव्हे. सशास वारंवार उचलणें, कुरवाळणें हें त्याच्या भित्र्या स्वभावास जाचकच होतें. सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटें बशी पाहावी, लेंड्या पाहाव्या, चालणें पाहावें, आठवड्यास एकदां वजन करावें. अधिक कांहीं लागत नाहीं. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदाहि, ज्याच्या ताब्यांत प्राणी आहे त्यानें त्याच्या सुस्थितीसाठीं वाजवी ती सर्व तजवीज करावी, असेंच सांगतो. न मारणें एवढ्यानें कर्तव्य संपत नाहीं, हें कायद्यासहि मान्य आहे. आणि घरांत न ओरडणारा जीव केवळ ससाच असतो असें नाहीं. "मला आज भूक नाहीं" म्हणून पानावरून उठणारीं माणसें आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहेत.

आतां आमच्या घरीं दुसरा ससा आहे. त्याची कोथिंबीर अद्याप मुलीकडेच आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं मात्र दिवा घेऊन आम्ही स्वतः एकदां पिंजऱ्यापाशीं जातों आणि ताज्या लेंड्या पडल्या आहेत कीं नाहींत, तें पाहून येतों.