दात

टायरॅनोसॉरसच्या तोंडात पन्नास-साठ दात असत. एक पडला की खालून दुसरा हजर, तोही जन्मभर! (माझ्या तीन कवळ्यांचा हिशेब आठवून जीव जळतो.) गळलेले दात दगड होऊन राहिले. १८२४ साली विल्यम बकलंड यांनी ऑक्सफर्डजवळच्या स्टोन्सफील्डचा दातांसकट जबड्याचा तुकडा आणि काही हाडं पाहून मेगॅलोसॉरसचं बारसं केलं. दातांना करवतीसारखी धार, तेव्हा स्वारी मांसाहारी, हे कबूल. पण आपण लगेच त्याला 'क्रूर' म्हणून मोकळे होतो, ते कुणाच्या साक्षीवर? पिल्लांशी तो कसा वागे, हे दात कुठे सांगतो? मांस कुजून जातं, दात तेवढा टिकतो.

आमच्या अण्णांचं नाव निघालं की मला गणिताच्या पेपरानंतर खाल्लेली बोलणी आठवतात, अगदी शब्द न् शब्द. त्याच परीक्षेत पहाटे चार वाजता चहा करून मला उठवणारेही अण्णाच, हे मात्र परवा ताईनं सांगितलं तेव्हा आठवलं.

काल मी नातवावर खेकसलो. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

एक दात गळला असावा.