अभय आणि नाडी

निफाड तालुक्यात द्राक्षाचे घड पाणी धरू लागतात त्या पौषाच्या दिवसांत कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि मणी तडकू नयेत म्हणून बागांतून रात्री शेकोट्या पेटवल्या जातात. अशा दिवसांत पहाटे डोळा उघडताच छाती धडधडू लागते, असे एखाद्या बागाईतदाराने सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटत नाही; सोसायटीच्या कर्जाची मुदत, व्यापाऱ्याकडे अडकलेली रक्कम, अवकाळी आभाळ, अशी कारणे समोरच उभी असतात. परंतु त्याला खोदून विचारले तर बहुधा असे आढळते की धडधड आधी आली आणि कारण मागाहून सापडले. जागृतीच्या पहिल्या क्षणी त्याला ना कर्ज आठवले होते ना आभाळ; देह आधी भ्याला, आणि मग त्या भयाला साजेसा विषय हुडकीत मन निघाले.

शरीरशास्त्राचा निर्वाळाही याहून फारसा निराळा नाही. पहाटेच्या प्रहरी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात वाढू लागतो, जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात तो शिगेस पोहोचतो, आणि याच सुमारास रक्तदाब व नाडीचा वेग निरोगी माणसातही चढतो. चिंताग्रस्ताचे लक्ष त्या ठोक्यांकडे जाते, लक्ष गेल्याने भय वाढते आणि भयाने ठोके. आपण भितो म्हणून कापतो असे नसून कापतो म्हणून भितो, असा सिद्धान्त विल्यम जेम्सने १८८४ साली मांडला होता. तो सर्वस्वी ग्राह्य नसला, तरी पहाटेच्या या अनुभवापुरता मला तो फार सत्याजवळचा वाटतो.

श्रद्धावान मनुष्याला मात्र येथे एक निराळाच प्रश्न छळतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. मग ज्याचा दिवसच भयाने उजाडतो, त्याची भक्ती लटकी समजावी काय? नित्य हरिपाठ म्हणणाऱ्या माळकऱ्यांच्या तोंडून मी हा प्रश्न खालच्या आवाजात ऐकला आहे, आणि त्यांच्या धडधडीपेक्षा त्या धडधडीची त्यांना वाटणारी लाज मला अधिक क्लेशकारक वाटली आहे.

या विचारात निफाडातच जन्मलेल्या एका पुरुषाचे स्मरण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी येथे जन्मले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोनच दिवस उरले असता, मुंबईत हृदयविकाराने निवर्तले. प्रार्थना समाजाच्या या आधारस्तंभाची पहाट कशी असे, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे: जाग आली की ते तुकोबांचे अभंग म्हणत आणि त्यांत देहभान हरपत. त्या अभंगांनी त्यांचे हृदय बरे झाले नाही, आणि ते बरे व्हावे म्हणून ते म्हटले जात होते असेही मला वाटत नाही.

ज्याचे आयुष्य न्यायासनावर गेले, त्याला साक्ष आणि फैसला यांतील अंतर कोणी शिकवावयास नको होते. पहाटेची धडधड ही साक्ष होय. ती खोटी नसते, परंतु ती कशाविषयी आहे याची तहकीकात व्हावी लागते. चिंतेचा अपराध हा की साक्षीदार हजर होताच, तपासणीवाचून, ती जप्तीचा हुकूम लिहून मोकळी होते. अभय हा गुण या फैसल्याच्या ठिकाणी वसतो, नाडीच्या ठिकाणी नव्हे. बृहदारण्यकातही सृष्टीच्या आरंभी एकटा असलेला तो पुरुष भ्याला, हे उपनिषत्काराने झाकून ठेवलेले नाही. माझ्यावाचून दुसरे काही नाही तर मी भितो कोणाला, हा विचार त्याला भयानंतर सुचला, आणि आधी भ्याल्याबद्दल त्याला कोठेही दोष दिलेला नाही.

ही तहकीकात प्रथम डॉक्टरांनी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रानड्यांचा विकार चिंतेचा नव्हता, देहाचा होता. थायरॉइडचा अतिरेक, रक्तक्षय, ठोक्यांची मूळचीच अनियमितता, यांनीही अशीच धडधड होते, आणि तिच्याबरोबर भोवळ, धाप किंवा छातीत कळ असेल तर एक दिवसही दवडू नये. हृदय निर्दोष ठरल्यावरही ती काही सकाळी येतच राहील. अशा सकाळी नामस्मरण धडधड थांबेपर्यंत तहकूब ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. ठोके चालू असतानाच ते सुरू करावे, आणि कर्जाचा विचार करावयाचाच तर तो उजाडल्यावर, कागद हाती घेऊन, घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून करावा.