सौम्य कोणी व्हायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीत ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचं काम प्रेस्बिटेरियन मिशनने आपल्याकडे घेतलं आणि पुढे ते पन्हाळ्याच्या परिसरातून वारणेकडच्या गावांपर्यंत पोचलं. कोडोलीला मिशनचं ठाणं झालं, दवाखाना आला. या भागात बाप्तिस्मा घेणारे बहुतेकजण गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले होते. हे आधी सांगण्याला कारण आहे. शब्बाथ शाळेत पोरांकडून पौलाच्या पत्रातली आत्म्याच्या फळाची यादी पाठ करून घेतात, तिच्या शेवटी सौम्यता आणि इंद्रियदमन येतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी मान खाली घालून वरच्या जातीच्या माणसाला वाट सोडली, त्या पोरांना सौम्य व्हायला सांगताना आपण त्यांना नेमकं काय सांगतो? ती मान पुन्हा खाली घालायला तर सांगत नाही ना?

हा प्रश्न मनात ठेवून या दोन गुणांचा माग काढला, तर फार जुन्या काळात जावं लागतं. बायबलमध्ये पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हणून ज्याची ओळख करून दिली आहे, तो मोशे. हाच मोशे एका मिसरी माणसाला ठार मारून पळाला होता, फारोसमोर उभा राहिला होता, दगडी पाट्या त्यानेच रागाने फोडल्या होत्या. बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलले तेव्हा मात्र तो स्वतःच्या बचावासाठी काही बोलला नाही, आणि मिर्यामला कोड फुटलं तेव्हा तिच्यासाठी त्याने प्रार्थना केली. दुसऱ्यावर अन्याय झाला की तो भडके आणि स्वतःवर आरोप झाला की गप्प राही. मत्तयाच्या शुभवर्तमानातही एकाच अध्यायात येशू सौम्य राजा म्हणून गाढवावर बसून यरुशलेमेत येतो आणि मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथून टाकतो. दोन्ही ठिकाणी ताकद आहे आणि तिची वेसण त्या माणसाच्याच हातात आहे. ज्याच्याकडे ताकद नाही त्याच्याकडे इथे कोणी अशी सौम्यता मागितलेली दिसत नाही.

ग्रीकांनी हाच विषय वेगळ्या वाटेने हाताळला. ॲरिस्टॉटलने सौम्यतेला रागाच्या बाबतीतला मध्यम मार्ग मानलं. योग्य माणसावर, योग्य कारणाने, योग्य वेळी रागावणारा तो सौम्य, आणि रागवायचं तिथेही न रागावणारा त्याच्या लेखी मूर्ख. पौलाने इसवी सन ५०च्या आसपास गलतीकरांस लिहिलं तेव्हा ग्रीक नीतिविचारातला आत्मसंयम आणि इब्री परंपरेतली ही सौम्यता शेजारी-शेजारी बसली. आत्म्याच्या फळाची यादी त्याच्या याच, सगळ्यांत तापलेल्या पत्रात आहे, हे फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. यादी संपली की लगेच पुढच्या अध्यायात तो तिचा वापर सांगतो: कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे पाहा. म्हणजे पहिली अपेक्षा सुधारायला निघालेल्याकडून आहे.

पुढे ही जोडी फुटली. दुसऱ्या शतकात काही पंथांनी संयमाचा अर्थ लग्न नको, मांस नको, मद्य नको एवढाच ठेवला. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्यांना उत्तर दिलं. संयम शरीरापुरता नाही, तो जिभेचा आणि पैशाचाही असतो, असं त्याचं म्हणणं. मला तो मुद्दा आजही मोलाचा वाटतो, कारण दारू सोडलेली पण घरात तोंडाने आग ओकणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. सौम्यतेवाचून संयम कोरडा होतो, इतरांना तोलत बसतो. फ्रान्सिस द साल यांनी १६०९ मध्ये संसारी माणसांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आणखी एक पाऊल टाकलं. आपल्या चुकांवर आपणच आदळआपट करू नये, स्वतःशीही सौम्य असावं, असं त्यांनी शिकवलं.

मराठीत हा विचार रुजला तो माणसांच्या स्वभावांशी झगडत. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचं मन मोठं होतं आणि डोकं तापट. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात यातलं काहीच लपवलेलं नाही. बाप्तिस्म्याने माणूस एका दिवसात शांत होत नाही, हे मराठी वाचकाला तिथे कळतं.

पण पंडिता रमाबाईंपाशी थांबावंच लागतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या आश्रमातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. सिस्टरांना शिष्येकडून आज्ञाधारकपणा हवा होता, आणि रमाबाईंचे प्रश्न त्यांना गर्व वाटत होते. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं ठरत होतं, त्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. तेव्हा रमाबाईंनी कळवलं की, पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता तसंच दुसरं जोखड घेणार नाही. पुढे १८९७ मध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं चुकीचं ठरवलं, त्या हटल्या नाहीत. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्या जवळ घेत होत्या. उपाशी, आजारी, माणसावरचा विश्वास उडालेल्या त्या मुलींपुढे रमाबाईंच्या हाती सगळी सत्ता होती, आणि सौम्यता त्यांनी तिथे खर्च केली. बिशप आणि गव्हर्नर यांच्यापुढे त्या सरळ, स्पष्ट बोलल्या. माझ्या मते पौलाची ती यादी मराठी मातीत याहून नीट कोणी जगून दाखवलेली नाही.

डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिलं, त्याची आच इथे लागते. मिशनरी या माणसाला सांगतात की तुझी अवस्था तुझ्या पापामुळे आहे. मग तो क्षमा मागत बसतो, ज्या समाजाने त्याला खाली ढकललं त्याच्याविरुद्ध उभा राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. या टीकेला उत्तर देण्याची घाई मंडळीने करू नये. दुबळ्याला सौम्यता शिकवून सबळाला मोकळं सोडलं असेल, तर दोष शिकवणाऱ्यांचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

दुबळा सौम्य राहून लढू शकतो का? या प्रश्नाचं एक उत्तर नागपुरातून अमेरिकेत गेलं. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय अमेरिकन मेथडिस्ट, कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारून तुरुंगात जाऊन आलेले. १९५३ मध्ये ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. मुलांना खेळ शिकवले आणि स्वतः गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वाचली. १९५६ मध्ये ते परतले आणि पुढे नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागले. त्यांत मुलंमुली आलटून-पालटून गोरे गुंड होत. शिव्या देत, ढकलत, खुर्चीवरून ओढत. समोरच्याने हात उचलायचा नाही, पण जागाही सोडायची नाही. इथे संयम आणि सौम्यता पुन्हा एकत्र आल्या, आणि त्यांचा सराव करावा लागतो हेही दिसलं. मान खाली घालून वाट सोडणं आणि ताठ बसून मार झेलणं यांत केवढं अंतर आहे, ते या मुलांनी दाखवलं. फेब्रुवारी १९६० मध्ये ती गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळींच्या काउंटरवर जाऊन बसली. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकत असलेल्या लॉसन यांना काढून टाकलं. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांचे काउंटर कृष्णवर्णीयांना खुले झाले. २००६ मध्ये त्याच विद्यापीठाने लॉसन यांना शिकवायला बोलावलं, आणि त्यांनी ते निमंत्रण स्वीकारलं.