कमी खर्चाचा सण हा कमी प्रतीचा सण काय?

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या हैदराबाद शहरात आबिड्सपासून सिकंदराबादेपर्यंत दुकानांतून तारे, घंटा आणि चकाकणारी झाडे टांगलेली दिसू लागतात. बेकऱ्यांच्या काचांआड केक मांडले जातात. नाताळ सरतो न सरतो तोच १ जानेवारीला नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते. हे प्रदर्शन १९३८ साली सुरू झाले आणि आजही ते पाहिल्यावाचून येथील मुलांचा हिवाळा पुरा होत नाही. तिच्यामागून संक्रांत येते. या महिना-दीड महिन्यात मुलांचे डोळे सारखे काही तरी नवे शोधत असतात आणि घरातील कर्त्या माणसाचा हात सारखा खिशाकडे जात असतो.

पुष्कळ घरांत हा आनंदाचा महिना मुक्या भीतीचाही असतो. मुलांना नवे कपडे हवेत, पाहुण्यांपुढे काही ठेवायला हवे, शेजारच्या घरासारखी रोषणाई हवी. मग कोणी हातउसने घेतो, कोणी दुकानात उधारी करतो, कोणी हप्त्याने वस्तू आणतो. जानेवारीत शाळेच्या फीची चिठ्ठी आली म्हणजे डिसेंबरच्या आनंदाची किंमत कळते. नवे कपडे झाले नाहीत म्हणून नाताळच्या उपासनेला न आलेले कुटुंब कोणत्या मंडळीला ठाऊक नाही? ज्याचा जन्म गोठ्यात झाला त्याच्या जन्मदिवशी गरिबाला त्याच्याच घरी येण्याची लाज वाटावी, ही गोष्ट आम्हा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

अशा वेळी शहाणी माणसे सल्ला देतात की, घरच्या घरी, थोडक्या खर्चात सण करावा. सल्ला चांगला आहे. परंतु तो देताना स्वर बहुधा सांत्वनाचा असतो. जणू खरा सण बाजारात आहे, आणि ज्याला तो परवडत नाही त्याने घरच्या सणावर समाधान मानावे. आमचा प्रश्न येथेच आहे. कमी खर्चाचा सण हा खऱ्या सणाची नक्कल होय काय?

याचे उत्तर नाताळच्या कथेतच आहे, पण आपण ते वाचून पुढे जातो. बाळ येशूला घेऊन योसेफ व मरिया यरुशलेमेच्या मंदिरात गेली तेव्हा त्यांनी कोणते अर्पण आणले, हे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो. ते होल्यांच्या जोडीचे किंवा पारव्याच्या दोन पिलांचे अर्पण होते. त्यामागचा नियम लेवीय १२ मध्ये आहे. प्रसूत झालेल्या स्त्रीने कोकरू आणावे. कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा दोन पिले आणावी. म्हणजे त्या दिवशी मरियेच्या हातात जे होते ते गरिबाचे अर्पण होते.

आता त्या नियमाचा शेवट पाहा. कोकरू आणणारी स्त्री जशी शुद्ध ठरते, तशीच दोन पाखरे आणणारीही ठरते. याजक तिला अर्धी शुद्ध म्हणत नाही, पुढच्या वर्षी कोकरू घेऊन ये असेही सांगत नाही. नियमशास्त्राने गरिबासाठी वेगळे अर्पण ठेवले, पण वेगळा देव ठेवला नाही. आमच्या मते सणाच्या खर्चाविषयीची सगळी नीती या एका नियमात आहे. अर्पण ऐपतीप्रमाणे कमीजास्त होते. आनंद आणि स्वीकार कमीजास्त होत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, तर मग खर्च करणे हे पाप आहे काय? तसे आमचे म्हणणे नाही. योहान १२ मध्ये बेथानीच्या मरियेने मोलवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले. त्याची किंमत तीनशे दीनार होती, आणि एक दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. हे पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे कोणी विचारले? यहूदाने. काटकसरीची भाषा नेहमीच पवित्र असते असे नाही. तिच्याआड कंजूषपणाही लपतो. आमच्या शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर मेदकचे भव्य मंदिर आहे. दुष्काळाच्या दिवसांत रेव्ह. चार्ल्स पॉस्नेट यांनी त्याचे काम लोकांना मजुरी व अन्न मिळावे म्हणून चालविले, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेसाठी उघडले. तो खर्च मोठाच होता. पण त्यातून भुकेल्यांच्या हाताला काम आणि पोटाला भाकर मिळाली. म्हणून खर्च किती झाला यापेक्षा, तो कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर झाला, हे विचारले पाहिजे. कर्ज काढून केलेली रोषणाई शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते आणि ती घरच्यांच्या जिवावर होते.

मग घरी करावे तरी काय? आमच्या अवतीभवती याची उत्तरे फार जुनी आहेत. तेलंगणात दसऱ्यापूर्वी नऊ दिवस बतुकम्मा असते. आपण जिला तरवड म्हणतो तिची पिवळी फुले, कुर्डूचे तुरे, असे रानातले नि बांधावरचे गोळा करून बायका फुलांचा मनोरा रचतात आणि त्याभोवती गातात. आपल्याकडचा भोंडला तसाच. पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखण्याची गंमत. त्यांची श्रद्धा वेगळी असली तरी सण हा मातीतून, हातांतून आणि गळ्यातून निघतो, एवढे शेजाऱ्यांकडून शिकण्यास हरकत नाही.

दिवाळीत मराठी मुले मातीचा किल्ला करतात. त्याच हातांनी ती बेथलेहेम का करू नयेत? अंगणात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात पोते अंथरून माती, दगड आणि विटांचे तुकडे यांच्या टेकड्या कराव्या. नाताळच्या आठवडाभर आधी त्यांवर हळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडावे, म्हणजे २५ तारखेला हिरवी कुरणे तयार असतात. गोठ्याला वाळलेले गवत आणि काड्या पुरतात. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळला गवत, बैल व गाढव आणून गव्हाण उभी केली, ती याचसाठी की त्या बाळाची हलाखी लोकांना डोळ्यांनी दिसावी. मातीत हात घातलेल्या मुलाला ती कथा पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

ताऱ्याचेही तसेच. संक्रांतीच्या पतंगांमुळे या दिवसांत धूलपेटेकडे कागद आणि बांबूच्या कामट्या सहज मिळतात. दहा कामट्या, थोडा सुतळीचा दोरा, मैद्याची खळ आणि रंगीत पतंगाचा कागद, एवढ्यात तारा होतो. आत मेणबत्ती न ठेवता लहान एल.ई.डी. दिवा सोडावा, म्हणजे कागद पेटण्याची भीती नाही. विकतच्या ताऱ्याइतका तो सरळ होणार नाही. पण हा कोपरा मी चिकटवला, असे सांगायला मूल आल्यागेल्याला दाराशी घेऊन जाईल.

तिसरी गोष्ट गाण्याची. येथील आपली मुले शाळेत इंग्रजी व तेलुगू शिकतात, रस्त्यावर दखनी बोलतात, आणि उपासनाही पुष्कळदा दुसऱ्या भाषेत ऐकतात. मराठी उरते ती घरात. तेव्हा नाताळपूर्वी निदान चार संध्याकाळी टाळ काढावेत, प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक मराठी भजन निवडावे आणि ते का आवडते हे दोन वाक्यांत सांगावे. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेला आणले ते यासाठीच की आपल्या माणसाला आपल्या सुरात प्रभूची स्तुती करता यावी. त्यांच्या घरात पैसा टिकत नसे, पण माणसे टिकत, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. भजनानंतर आजी-आजोबांनी आपल्या लहानपणचा एक नाताळ सांगावा आणि नातवंडांनी तो मराठीत वहीत उतरवून घ्यावा. दहा वर्षांनी त्या वहीची किंमत कोणत्याही दुकानात करता येणार नाही. आणि भोंडल्याच्या खिरापतीसारखा खेळही करता येईल. पवित्र शास्त्रातील एखादी वस्तू, गोफण, मासे किंवा दिवा, डब्यात ठेवून प्रश्न विचारीत ती ओळखावी.

मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. ‘घरच्या घरी, कमी खर्चात’ असे आपण म्हणतो तेव्हा खर्चाच्या वहीत एक रकम मांडलेलीच नसते. ती म्हणजे आईचे श्रम. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, लाडू घरी केले म्हणजे स्वस्त पडतात हे खरे; पण ते स्वस्त कोणामुळे पडतात? पहाटे उठून सारण परतणारी, रात्री बारापर्यंत तळणीपुढे उभी राहणारी आणि नाताळच्या उपासनेत थकून पेंगणारी बाई त्याची किंमत देत असते. अनुवाद १६ मध्ये मांडवांच्या सणाच्या आनंदात कोणकोण असावे याची यादी आहे. मुलगा आणि मुलगी यांच्या जोडीने तीत दास व दासी आहेत, परका, अनाथ आणि विधवा आहे. सणासाठी राबणाऱ्याने नुसते राबावे असे तेथे नाही, त्यानेही आनंद करावा असे आहे. म्हणून फराळ हेच घराचे काम करावे. वडिलांनी पुऱ्या लाटाव्यात, मुलाने सारण भरावे, धाकटीने कडा दाबाव्यात. चार वेड्यावाकड्या करंज्या अधिक होतील. होऊ द्याव्यात. ज्या काटकसरीत एकीचे हाड मोडते ती काटकसर नव्हे; ती नुसती खर्चाची बदली होय.

त्याच यादीतील परका, अनाथ आणि विधवा यांना विसरून चालणार नाही. हैदराबादेत रमजान ईदला शेजारच्या घरून शीरखुर्मा येतो. नाताळला आपल्या करंज्यांचे ताट तिकडे जाते. ताट रिकामे परत करू नये ही रीत बाजाराला कळत नाही. मंडळीतील एकटी राहणारी वृद्ध भगिनी किंवा वसतिगृहात राहणारा मराठवाड्याचा विद्यार्थी तारा करायला आपल्याकडे आला तर कागद तेवढाच लागतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस विशेष विनंती. नाताळानंतरच्या रविवारी ‘नवे काय घेतले?’ असे वर्गात विचारू नये. ‘घरी काय केले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला काही मुलांजवळ उत्तर नसते, दुसऱ्याला सर्वांजवळ असू शकते. नाटुकल्यासाठी भाड्याचे पोशाख सांगू नयेत. आजीची शाल आणि आईचे जुने लुगडे यांत मेंढपाळ उत्तम दिसतात.

ज्यांना प्रभूने भरपूर दिले आहे त्यांनी कोकरू आणावे, आणि ते वाटून खावे. ज्यांच्याजवळ दोन होलेच आहेत त्यांनी ते दोन्ही हातांनी, मान वर करून आणावेत. मंदिराच्या त्याच दारातून एक गरीब आई एकदा तेच अर्पण घेऊन आत गेली होती, आणि तिच्या कडेवर कोण होते हे आपण जाणतो.