टाळ वाजवत राहिलेली दिंडी

वर्गात दंगा करणाऱ्या मुलावर केलेला उपाय लागू पडला, हे कशावरून ठरवायचं? प्रश्न शिक्षणशास्त्राचा दिसतो. माझ्या मते तो आधी धर्माचा आहे, आणि धर्माला तो फार जुन्या काळापासून छळतो आहे.

निवृत्तीआधीची काही वर्षं मी फलटण तालुक्यात केंद्रप्रमुख होते. शाळेत जायचं, हजेरी बघायची, पोषण आहाराची चव घ्यायची, दोन-चार मुलांकडून वाचून घ्यायचं आणि निघताना शेरेबुकात शेरा लिहायचा. ‘वर्गनियंत्रण चांगले’ हा शेरा आमच्या खात्यात सर्रास चालतो. त्याचा अर्थ इतकाच, की साहेब किंवा मॅडम आत आल्या तेव्हा आवाज नव्हता. तो का नव्हता, यासाठी शेरेबुकात जागा नसते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. छडी गेली, निदान कागदावर तरी, आणि तिच्या जागी भिंतीवर तक्ते आले. कुणाच्या नावापुढे तारे, कुणापुढे टिकल्या, कुठे ‘आठवड्याचा हिरो’. वर्ग शांत झाले की गुरुजी-बाई खूश, आणि त्यात गैर काहीच नाही. चाळीस मुलांच्या कलकलाटात दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला शांततेची किंमत मी काय सांगणार?

या तक्त्यांच्या घराण्यातला एक गाजलेला पूर्वज अमेरिकेतला आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ या तिघांनी चौथीच्या एका वर्गात केलेला प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्गाचे दोन संघ पाडले. कुणी न विचारता जागा सोडली किंवा मध्येच बोललं, की फळ्यावर त्याच्या संघापुढे एक खूण. ज्यांच्या खुणा कमी तो संघ जिंकला. दोन्ही संघ ठरलेल्या मर्यादेत राहिले तर दोघेही जिंकले. बक्षिसं साधीच होती: नावापुढे तारा, जेवणाच्या रांगेत पुढचा नंबर, शेवटी थोडा मोकळा वेळ. गणिताच्या तासाचे छोटे छोटे तुकडे पाडून नोंदी ठेवल्या, तेव्हा आधी साधारण ९६ टक्के तुकड्यांत कुणी ना कुणी मध्येच बोलत होतं. खेळ सुरू झाल्यावर हे प्रमाण १९ टक्क्यांवर आलं.

मग त्यांनी खेळ बंद केला आणि गोंगाट परत आला. पुन्हा सुरू केला, पुन्हा उतरला.

माझं मन अडकतं ते इथे. संशोधकाच्या लेखी परत आलेला गोंगाट हीच यशाची पावती असते. खेळ काढला की दंगा वाढतो आणि घातला की कमी होतो, म्हणजे फरक खेळामुळेच पडला, ऋतूमुळे किंवा बाईंच्या मूडमुळे नाही. शास्त्र म्हणून हा युक्तिवाद चोख आहे. पण एखाद्या कीर्तनकाराला हीच हकीकत सांगा. तो म्हणेल, बक्षीस काढताच जे गेलं ते मुलाचं कधी नव्हतंच. गुण खेळाचा होता. एकाच आलेखावर एक जण यश वाचतो, दुसरा अपयश. दोघांचीही वाचायची रीत बरोबर आहे, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत.

लोभानं केलेलं चांगलं कर्म चांगलं का, यावर आपल्याकडे चटकन गीता पुढे केली जाते आणि विषय संपतो. फळाची आशा नको हे खरं, पण सात वर्षांच्या मुलानं सुरुवात कुठून करायची? बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस या बाबतीत जास्त मोकळा आहे. त्यानं लिहिलंय की लहान मुलाला शिकायला बसवताना अक्रोड, अंजीर, मध द्यावा. थोडा मोठा झाला की चांगले कपडे, मग पैसे, मग मानमरातबाची आशा. हे सगळं कमी दर्जाचं आहे हे तो स्वतःच सांगतो, आणि माणसाची समज कोती असल्यानं गरजेचं आहे असंही. मला ही यादी वाचताना हसू आलं. आपली शाळा तरी दुसरं काय करते? आधी तारा, मग शिष्यवृत्ती परीक्षा, मग तालुक्याला फ्लेक्स. बक्षीस सुटत नाही, मोठं होत जातं.

बक्षीस सुटल्याची एक कथा मात्र आहे, पाली ‘उदान’ ग्रंथात. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्खू झाला, पण त्याचं मन लागेना. घरातून निघताना एक शाक्य तरुणी अर्धवट विंचरलेल्या केसांनी वळून म्हणाली होती, लवकर परत या. तेवढंच त्याच्या डोळ्यांसमोर. बुद्धांनी त्याला उपदेश केला नाही. ते त्याला स्वर्गात घेऊन गेले, पाचशे अप्सरा दाखवल्या आणि विचारलं, त्या मुलीपेक्षा या सुंदर आहेत का? नंद म्हणाला, यांच्यापुढे ती म्हणजे जळकी वानरीच. बुद्ध म्हणाले, मग साधना कर, या तुला मिळतील, मी जामीन राहतो. नंद झटून साधनेला लागला. इतर भिक्खू त्याला मजुरीवरचा म्हणू लागले. पुढे त्याला अर्हत्त्व प्राप्त झालं, तेव्हा तो बुद्धांकडे आला आणि म्हणाला, तुम्ही जामीन राहिला होतात, त्या वचनातून मी तुम्हाला मोकळं करतो.

एखाद्या उपायाचं याहून नेमकं मूल्यमापन मला माहीत नाही. लालूच दाखवली म्हणून बुद्धांना कथेत कुणी दोष देत नाही. कसोटी शेवटी लागते: ज्याला बक्षीस कबूल केलं, तो आपण होऊन देणाऱ्याला मोकळं करतो का? आणि बक्षीस नंतर परत घेतलं जात नाही, घेणाराच ते सोडतो. कॅन्ससच्या प्रयोगात खेळ काढून घेतला तो मोठ्यांनी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी कीर्तनकाराच्या बाजूनं निकाल लावून मोकळी झाले असं होईल. हाच खेळ १९८५-८६ साली बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत शेपर्ड केलम आणि सहकाऱ्यांनी नेला. ती मुलं विशीच्या आसपास आल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. पहिलीत जी मुलं, विशेषतः मुलगे, फार आक्रमक होते, त्यांच्यात व्यसनाधीनता आणि समाजविघातक वागणं हा खेळ न खेळलेल्या तशाच मुलग्यांपेक्षा कमी आढळलं. खेळ तर कधीच संपला होता. पुढच्या वर्षीच्या तुकडीत परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही खरं. तरीसुद्धा काहीतरी आत उतरलं असणार. सवयीनं माणूस घडतो, न्यायाची कामं करत करत न्यायी होतो, असं अॅरिस्टॉटल म्हणाला होता. बाल्टिमोरनं त्याला थोडा दुजोरा दिला. कुणाच्या अंगावर न ओरडता बसण्याची सवय लागली, दोस्त मिळाले, बाईंनी हाक मारली ती रागावायला नव्हे. यातलं नेमकं काय कामी आलं कोण जाणे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो कॅन्ससच्या वर्गातला एक मुलगा. त्यानं ठणकावून सांगितलं की मी हा खेळ खेळणार नाही. त्याच्यामुळे संघाला खुणा मिळू लागल्या. एकासाठी साऱ्या संघानं का भोगावं, म्हणून त्याला खेळातून वेगळं काढलं आणि परिणाम एकट्याला लावले. व्यवहार म्हणून यात खोट नाही. त्याला का खेळायचं नव्हतं, हे मात्र आलेखात येत नाही.

आमच्या भागातून ज्ञानोबा माउलींची पालखी जाते. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. कुठल्याही मुख्याध्यापकाला हेवा वाटावा अशी शिस्त. मुलांना ती दाखवायला अनेक शिक्षक घेऊन जातात. पण त्या शिस्तीचा अर्धाच भाग ते दाखवतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. सारा तळ गप्प, आणि एकीकडे टाळांचा खणखणाट. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. म्हणजे त्या शांततेच्या रचनेतच शांतता मोडण्याची सोय आहे, आणि मोडणाऱ्याला कुणी दंगेखोर म्हणत नाही.

१९७२ साली विनेट आणि विंकलर या दोघांनी वर्तनशास्त्राच्याच नियतकालिकात आपल्या मंडळींना टोचलं होतं, की तुमचे बहुतेक प्रयोग मुलांना गप्प, स्थिर आणि आज्ञाधारक करण्यासाठीच चाललेत. ते वाचताना मला टाळ वाजवत राहणारी दिंडीच दिसली. ऊसतोडीवरून मार्चमध्ये परतलेलं, मधले पाच महिने पाटी न पाहिलेलं पोर भागाकाराच्या तासाला शेजाऱ्याच्या खोड्या काढतं, तेव्हा ते काय वाजवत असतं? ताऱ्यांच्या आशेनं ते गप्प बसलं, तर तक्ता यशस्वी झाला आणि भागाकार तिथेच राहिला.

म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी सुचवलं होतं, की तक्ते लावा, जरूर लावा, पण वर्णनात्मक नोंदींमध्ये दोन गोष्टी लिहा: कुणी तारा मागायचं विसरलं का, आणि कुणी खेळायला नकार दिला का, दिला तर त्याचं म्हणणं काय. एक तरुण गुरुजी उठले. द्विशिक्षकी शाळा, दुसऱ्या बाई रजेवर. “मॅडम, चोपदाराला फक्त गाऱ्हाणं ऐकायचं असतं. मी गाऱ्हाणं ऐकायला बसलो की बाकीचे तीन वर्ग टाळ घेतात.” सगळे हसले, मीही हसले. त्यांचं म्हणणं मला तेव्हा खोडता आलं नाही, आजही येत नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, तुमच्या वर्गात असं टाळ वाजवणारं कोण आहे? त्यांनी विचार न करता नाव सांगितलं, आणि मग ते मूल कुठल्या तासाला गप्प असतं, हेही.