मसलहतीचे खोटे

आमच्या इंदापूर-बारामतीकडे ‘सायलो’ म्हटले की माणसाला मुरघास आठवतो. मक्याची कुट्टी करायची, खड्ड्यात नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरायची, हवा लागू द्यायची नाही आणि उन्हाळ्यात गाईंपुढे टाकायची. म्हणून पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा आमचा पुतण्या सुट्टीत डाळजला आला आणि रात्री जेवणानंतर ‘चाचा, सायलो बघायचा का?’ असे म्हणाला, तेव्हा एवढ्या रात्री हा आम्हाला कुणाच्या गोठ्यावर नेतो, असाच प्रश्न पडला. त्याने लॅपटॉप उघडला. मग चार रात्री आम्ही एका इंग्रजी मालिकेपुढे बसलो. तिचे परीक्षण करण्याचा आमचा अधिकार नाही; आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले मास्तर. पण त्या मालिकेने एक जुना प्रश्न पुन्हा वर काढला, आणि तो आमच्या अंगाशी आलेला असल्यामुळे इथे मांडतो आहोत.

गोष्ट अशी. पृथ्वीचा नाश झाल्यानंतरचा काळ आहे. जमिनीच्या पोटात १४४ मजल्यांचे एक नगर आहे आणि त्यात दहा हजार माणसे राहतात. लिफ्ट नाही, मधोमध एक गोल जिना आहे आणि ओझी वाहणारे हमाल आहेत. बाहेरची हवा विषारी आहे हे प्रत्येकाला लहानपणापासून शिकवलेले. बाहेरचे जग दिसते ते फक्त पडद्यावर: करडी टेकडी, मेलेली झाडे आणि उतारावर पडलेली प्रेते. जो कोणी ‘मला बाहेर जायचे आहे’ असे तोंडाने म्हणेल त्याला बाहेर पाठवतात आणि परत घेत नाहीत. जाताना त्याने कॅमेऱ्याची काच लोकरीच्या फडक्याने पुसावी, एवढीच अपेक्षा. ‘मी पुसणार नाही’ असे ठासून सांगून गेलेली माणसेही बाहेर पोचल्यावर पुसतात. मग काही पावले चालतात आणि कोसळतात.

ह्यू हाउई या अमेरिकन लेखकाने २०११ साली ही एक छोटी गोष्ट म्हणून स्वतःच प्रसिद्ध केली. नाव ‘वूल’, म्हणजे लोकर. वाचकांनी पुढचे मागितले, तसे त्याने पुढचे भाग लिहिले. २०१३ पर्यंत तीन ग्रंथ झाले. मे २०२३ मध्ये ॲपलच्या वाहिनीवर ‘सायलो’ नावाने मालिका सुरू झाली.

तळघरातल्या माणसांच्या अशा गोष्टी पाश्चात्त्यांकडे पुष्कळ आहेत. अणुबॉम्बच्या भीतीने त्यांनी खरोखरची तळघरेही बांधली. आपल्याकडे तसे फारसे काही नाही. मुंबईत मलबार हिलवरच्या राजभवनाखाली २०१६ साली एक भिंत पाडल्यावर इंग्रजांच्या काळचे मोठे भुयार सापडले, तेरा खोल्यांचे. ते लपण्यासाठी नव्हते. खोल्यांवर तोफगोळ्यांच्या आणि काडतुसांच्या कोठाराची नावे होती. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झाले आणि २०२२ मध्ये क्रांतिकारकांचे दालन. आम्हाला त्या बातमीत एकच गोष्ट विलक्षण वाटली होती. इतके मोठे भुयार लोक विसरून कसे गेले? आता वाटते, त्यात विलक्षण काही नाही. ज्याच्या भीतीने ते खणले तो धोका संपला, दार भिंतीने बंद झाले आणि दोन पिढ्यांत कुणाला आठवले नाही. भीती संपल्यावर तळघर विसरले जाणे हीच माणसाची साधी रीत आहे. ते विसरू द्यायचे नसेल तर कुणीतरी तशी तजवीज करावी लागते. हाउईच्या गोष्टीत ती केलेली आहे.

जमिनीखाली जपून ठेवण्याची आमच्या भागातली जुनी गोष्ट म्हणजे पेव. पूर्वी ज्वारी पेवात साठवत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. आमच्या आजोबांच्या जुन्या घरातही पेव होते. ते घर आणि ते पेव उजनीच्या पाण्याखाली गेले. १९८० च्या सुमारास धरण भरले आणि भीमेकाठची कितीतरी गावे वर सरकली. आज पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते आणि लोक होड्यांतून पाहायला जातात. पेव काही वर येत नाही. पण दादी त्याच्याविषयी सांगायची. पेव उघडले की लगेच कुणी उतरायचे नाही. आधी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. ‘दिवा बुझ्या तो कोई नै उतरता,’ असे ती म्हणायची. धान्य कोंडून राहिले की आतली हवा माणसाला मारते. उतरून गेलेले परत न आल्याच्या गोष्टीही ती सांगायची, पण त्या रात्री सांगायची नाही.

आता मालिकेकडे. तिथल्या कारभाऱ्यांनी लोकांना ‘बाहेर विष आहे’ असे सांगितले आहे, आणि ते खरे आहे. खोटे दुसरीकडेच आहे. बाहेर जाणाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या काचेवर आतून एक चित्र उमटते: हिरवळ, निळे आकाश, उडणारे पक्षी. त्याला वाटते, आपल्याला जन्मभर फसवले, बाहेर तर नंदनवन आहे! आतल्यांनाही ते दिसावे म्हणून तो बिचारा प्रेमाने काच पुसतो. आणि त्याच्या पोशाखाची चिकटपट्टी मुद्दाम अशी हलकी दिलेली असते की तो थोड्याच अंतरावर मरावा. सगळे त्याला मरताना पाहतात. पुन्हा बरीच वर्षे कुणी दाराकडे बघत नाही. शांतता राहते, दहा हजार जीव वाचतात. मग या खोट्यात वाईट काय?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि तो नवाही नाही. बी.एड.ला शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात आम्हाला प्लेटोची गुहा होती. भिंतीवरच्या सावल्यांना खरे समजणारी साखळदंडातली माणसे सगळ्यांना पाठ होती. पण त्याच ग्रंथात प्लेटो राज्यासाठी एक उपयोगी खोटे सुचवतो, आणि त्यात लोकांना सांगायचे असते की तुम्ही जमिनीच्या पोटात घडलात. हे मात्र परीक्षेला कधी आले नाही.

आमच्या उर्दू-फारसीच्या परंपरेत या प्रश्नाची ओळख शेख सादींच्या ‘गुलिस्ताँ’ने होते. १२५८ सालचा ग्रंथ, आणि ही त्यातली पहिलीच हिकायत. बादशहाने एका कैद्याला मारण्याचा हुकूम दिला. जिवाची आशा सुटलेला कैदी आपल्या भाषेत बादशहाला शिव्या देऊ लागला. बादशहाने विचारले, हा काय म्हणतो? एक भला वजीर म्हणाला, हुजूर, राग गिळून माफ करणाऱ्यांची हा तारीफ करतो आहे. बादशहाला दया आली. तेवढ्यात दुसरा वजीर म्हणाला, दरबारात खोटे बोलू नये, त्याने आपल्याला शिव्या दिल्या. बादशहाने कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितले, तुझ्या खऱ्यापेक्षा त्याचे खोटे मला आवडले. यालाच आमच्याकडे मसलहतीचे खोटे म्हणतात. (मराठीत याच शब्दाची ‘मसलत’ झाली आणि तिला कटाचा वास आला. मराठ्यांच्या दरबाराने हा शब्द जवळून पाहिला असावा.)

ही हिकायत आम्ही अनेकदा शिकवली. प्रत्येक वेळी फळ्यावर एकच तात्पर्य लिहिले: भल्यासाठी बोललेले खोटे चालते. ज्याला खोटे बोलायचे असते त्याला हे तात्पर्य फार सोयीचे पडते. परंतु हिकायत नीट वाचली तर त्यात दोन गोष्टी आणखी आहेत. त्या खोट्याने वजिराला काही मिळाले नाही. वाचली ती दुसऱ्याची मान. आणि मुख्य म्हणजे ते खोटे उघडे पडले. बादशहाला खरे कळले आणि खरे कळल्यावर त्याने म्हटले, बरे केलेस. ज्याला फसवले त्यानेच, सगळे कळल्यावर, ते मान्य केले. आमच्या मते सादींच्या वजिराची सुटका या एका गोष्टीने होते. तळघराच्या कारभाऱ्याची होत नाही, कारण त्याने खरे कळण्याची वाटच बुजवून टाकली आहे. जुन्या जगाची वस्तू जवळ बाळगणे हासुद्धा तिथे गुन्हा. दहा हजारांना कधी विचारलेच जाणार नाही, मग ‘बरे केलेस’ म्हणणार कोण?

आता आमच्या अंगाशी आलेली गोष्ट. डाळज-कुंभारगावच्या काठाला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पाणी ओसरून चिखलाचे उथळ काठ उघडे पडले की त्यांच्या रांगा लागतात. फ्लेमिंगो म्हणून आता पुण्या-मुंबईचे लोकही मोटारी भरून येतात. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी ते कधी पाहिले नव्हते. आम्ही सहल ठरवली. मुलांनी पैसे जमा केले, गटांची नावे पाडली. आणि त्याच आठवड्यात वाटेवरच्या एका गावात कुठल्याशा मोबाइल स्टेटसवरून वातावरण बिघडले. दुकाने बंद झाली, एक-दोन गाड्यांवर दगड पडले. वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला, शाळेच्या नावाची उर्दू पाटी लावलेली बस त्या रस्त्याने नेऊ नका. त्यांचे म्हणणे बरोबर होते. आजही आम्ही तेच करू.

पण वर्गात जाऊन आम्ही सांगितले, ‘यंदा धरणात पाणी फार आहे, पक्षी आलेच नाहीत.’

त्या वेळी आमच्यापाशी उत्तम कारणे होती. चौदा वर्षांच्या मुलांना काय सांगायचे? तुमच्या बसवरच्या अक्षरांमुळे लोक दगड मारतील, असे? उद्या हीच मुले त्याच गावच्या कॉलेजात जाणार, तिथल्या मुलांच्या शेजारी बसणार. त्यांच्या मनात आम्ही शेजाऱ्याविषयी विष का पेरावे? हा युक्तिवाद आम्हाला आजही पूर्ण खोडता येत नाही. फक्त एक कबूल करायला हवे. खोटे बोलल्याने आमचेही काम हलके झाले. मुलांचे प्रश्न टळले, पालकांच्या बैठकीतली चर्चा टळली, वर कागद पाठवणे टळले. सादींच्या वजिरासारखे आम्ही रिकाम्या हाताने उरलो नव्हतो.

पुढच्या वर्षी, दहावीच्या वर्गात, ‘गुलिस्ताँ’चीच हिकायत चालू होती. एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, परिंदे तो थे.’ आम्हाला आधी कळलेच नाही. मग तिने सांगितले की त्या रविवारी ती भिगवणला मामूंकडे गेली होती आणि पाण्याच्या काठाला तिने स्वतः पाहिले होते, रांगच्या रांग. वर्ग खाली मान घालून बसला होता. चौकशी केली तर निम्म्या मुलांच्या घरी ते स्टेटस आमच्याआधी पोचले होते. बाहेर काय चालले आहे ते त्यांना माहीत होते. आमच्याकडून त्यांना नवीन कळले ते इतकेच, की सर ते बोलत नाहीत.

आम्ही विचारले, ‘सच बोला होता तो तुम लोग आते थे?’ ती म्हणाली, ‘नै सर. अब्बा भेजतेच नै.’ आणि थोड्या वेळाने, ‘लेकिन मालूम तो रहता.’

ती ‘अच्छा किये सर’ असे म्हणाली नाही. आम्ही वाट पाहिली होती.

हे वाचून कुणी असे समजू नये की दार लावून घेण्यालाच आम्ही नावे ठेवतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबे मिश्र वस्तीतली घरे मिळेल त्या किमतीला विकून मुंब्र्याला गेली, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. ती भीती खरी होती आणि ज्याच्या दारावर ती आली नाही त्याने तिला हसू नये. असहाब-ए-कहफनीही गुहेचाच आसरा घेतला आणि कुराणाने त्यांना सन्मानच दिला. पण त्या गोष्टीत जाग आल्यावर ते पहिल्यांदा काय करतात? चांदीचे नाणे देऊन एकाला बाजारात पाठवतात. जपून जा, असे बजावतात, पण पाठवतात. कथाकार सांगतात की ते नाणे पाहूनच बाजाराला कळले, हा माणूस फार जुन्या काळातला आहे. मुंब्र्यात वाढलेल्या दुसऱ्या पिढीला बाहेरच्या बाजाराविषयी आपण काय सांगितले, किती खरे, किती आपल्या सोयीचे, याचा हिशेब आपल्या अंकांतून फारसा आलेला नाही. जुलूम झाला ते आपण लिहिले. मुलांशी काय बोललो ते लिहिले नाही.

पुन्हा एकदा मालिकेकडे वळतो, कारण त्या मुलीचे बोलणे आम्हाला मालिका पाहतानाच आठवले. पुस्तकात पहिल्या गोष्टीच्या शेवटीच बाहेर गेलेला माणूस मरता मरता शिरस्त्राण काढतो आणि वाचकाला कळते की हिरवळ खोटी होती. मालिकेने ते दहाव्या भागापर्यंत दाबून ठेवले. बाहेर हिरवे आहे की राख, हे आपल्यालाही कळत नाही. पडद्यापुढे बसलेले आम्हीही तळघरातलेच होतो. शेवटी नायिका ज्युलिएट बाहेर पडते, तिच्या काचेवरही हिरवळ येते, पक्ष्यांचा थवा उडतो, आणि तो थवा तिने एका जुन्या चित्रफितीत पाहिलेला असतो, अगदी तसाच उडणारा. त्यावरून ती ओळखते. पुतण्या टाळ्या वाजवून म्हणाला, ‘चाचा, काय फसवलं!’ दहा भाग आम्हाला खोटे दाखवले होते, आणि कळल्यावर आम्ही खूश होतो. कथा सांगणाऱ्याचे खोटे सादींच्या वजिराच्या खोट्यासारखे असते; ऐकणारा शेवटी दाद देतो. मास्तरला ती सवलत नाही.

शिवाय त्या कारभाऱ्यांनी नसलेले पक्षी दाखवले होते. आम्ही असलेले नाहीसे केले.

या हिवाळ्यासाठी पुन्हा सहलीचा अर्ज दिला आहे. पालकांना पाठवायच्या पत्रात, गेल्या वेळची सहल का रद्द केली आणि मुलांना तेव्हा काय सांगितले, ही दोन वाक्ये आम्ही घातली आहेत. मुख्याध्यापक साहेबांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा काढला आणि विचारले, ‘हे ठेवायचंच का?’ आम्ही हो म्हटले. पत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे. काठावर पाणी ओसरू लागले आहे, असे कालच डाळजहून फोनवर कळले.