तदंगभूत

इंग्रजीत ‘अ‍ॅपरटेन’ नावाचे एक भारदस्त क्रियापद आहे. घरगुती बोलण्यात ते कधी यायचे नाही. कोणी इंग्रज आपल्या मुलाला चेंडूविषयी विचारील तर ‘बिलाँग’वर भागवील. ‘अ‍ॅपरटेन’ची बैठक कोर्टकचेरीतली. अधिकारपदाला कर्तव्ये अ‍ॅपरटेन होतात, जमिनीला पाण्याचे आणि वाटेचे हक्क. लहानाने मोठ्याला चिकटून असायचे आणि मोठे जिकडे जाईल तिकडे मुकाट्याने जायचे, असा या शब्दाचा स्वभाव. मूळ लॅटिन, त्याच्या पोटात ‘धरून ठेवणे’ या अर्थाचा धातू आहे. ‘टेनंट’, म्हणजे आपले कूळ, तेही त्याच धातूचे.

माझी नि त्याची गाठ १९६८ साली पडली. राजापूर तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर विकायचे ठरले होते. घेणारे मुंबईचे, त्यांच्या वकिलांनी खरेदीखताचा मसुदा इंग्रजीत केलेला. नोंदणीसाठी सोबत मराठी तरजुमा हवा होता. मी नुकताच इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला, तेव्हा ते काम माझ्याकडे आले यात नवल नाही.

घर, विहीर, पाणंद इथपर्यंत ठीक चालले. पुढे ‘आणि जे जे काही त्यास अ‍ॅपरटेन होत असेल ते सारे’ असे आले आणि मी अडलो. वडिलांनी पेटीतले जुने कागद काढून पुढे टाकले. आपल्याकडे शब्द तयारच होते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, ‘तदंगभूत वस्तूंसह दरोबस्त’. सनदांतून चालत आलेली ही यादी. अजून कोणाला न सापडलेल्या, जमिनीच्या पोटातल्या ठेव्याचीसुद्धा आठवण ठेवणारी! मला तिचा मोठा अभिमान वाटला.

ओटीवर बसून मी तरजुमा सगळ्यांना वाचून दाखवला. आत्या दाराआड तांदूळ निवडत होती. विसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने ती माहेरी परतली, त्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. वाचन संपल्यावर तिने विचारले,

“अरे, माझं काय लिहिलंयस त्यात?”

सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो.

कायद्याने तिचे काहीच नव्हते. आजोबा १९५४ साली गेले. बापाच्या हिश्श्यात मुलीला मुलाबरोबर वारस धरणारा हिंदू वारसा कायदा आला १९५६ साली. दोन वर्षांचा फरक! २००५ साली तर मुलगी जन्मानेच हिस्सेदार झाली. पण ते आत्याच्या काय कामाचे? तेव्हा ती मालकीण नव्हती. मग काय, तदंगभूत? गंमत अशी की तसे लिहिले असते तर घोर पाप झाले असते. माणूस दुसऱ्याला अ‍ॅपरटेन होऊ लागला की त्याचा बाजार भरतो. जगाने तो पाहिला आहे. म्हणजे यादीत घातले तर ती विकली जाणार, आणि न घातले तर ती तिथे कधी नव्हतीच. या पेचातून वाट काढणारा शब्द मला अजून सापडलेला नाही.

पुढे शिक्षकी करताना शब्दकोश चाळायची खोड लागली. ‘ओन’ म्हणजे मालकीचे असणे, ‘ओ’ म्हणजे देणे लागणे आणि ‘ऑट’ म्हणजे करायला हवे असणे. ही तिन्ही जुन्या इंग्रजीतल्या एकाच क्रियापदाची वंशावळ आहे, असे तिथे वाचले. त्या रात्री आत्या आठवली. घराची किंमत भावाभावांत वाटली गेली होती. तिचे देणे कोणाच्या नावावर मांडायचे, हा प्रश्न कोणी काढला नव्हता; इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्यानेसुद्धा नाही.

मराठी या बाबतीत बरी की वाईट, कोण जाणे. तिला मालकीचे असे सुटसुटीत क्रियापदच नाही. ‘असणे’वर ती सारा संसार चालवते. पण मला बहीण असते, माझ्याजवळ पैसे असतात, माझ्याकडे पाहुणे असतात. विक्रीनंतर आत्या मुंबईला आमच्या दोन खोल्यांत आली. आम्ही म्हणायचो, ‘आत्या आमच्याकडे असते.’ पाहुण्याचाच प्रत्यय! शेजारणींनी विचारले की ती मात्र गावाचे नाव सांगून, “मी तिथल्या घरची,” एवढेच म्हणे. घर विकले गेल्याचे तिने कोणाला सांगितलेले मी ऐकले नाही.

चैत्र लागला की तिचा प्रश्न ठरलेला.

“विहिरीवरच्या झाडाला फणस धरले असतील का रे?”

एकदा मी शाळेतून दमून आलो होतो. म्हणालो, “आत्या, ते आता आपले नाहीत.”

“मी कुठं म्हणतेय आपले आहेत म्हणून?” ती म्हणाली. “धरलेत का, एवढंच विचारलं.”